जवळ्याचं पिंप आणि ऋषीची भाजी

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी सासूबाई गावाहून आमच्याकडे बोरिवलीला आल्या आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, या वर्षी गणपतीला गावी जायचं नाही. झालं! बाईंनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. चहा गार होईपर्यंत प्यायच्या नाहीत, टीव्हीकडे बघायच्या नाहीत.

दोन दिवसांनी कळलं, खरं दुखणं गणपतीचं नव्हतंच. दुखणं होतं ऋषिपंचमीच्या भाजीचं. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं, माणसाने आपल्या हातांनी लावलेलंच खायचं. लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकलं नव्हतं, दर पंचमीला त्यांच्या ताटात त्यांच्याच घरामागच्या परड्यातली भाजी असायची.

"बाजारात मिळते की, वाटे लावून ठेवतात," मी म्हणाले.

"ती बैलाची की ट्रॅक्टराची, तुका काय म्हायती?"

आता मी काही फार शांत बाई नाही. मी म्हणाले, "बरं, मग इथेच पिकवू. तुमच्या हातांनी. बघाच!" बोलून बसले आणि मग कपाळाला हात लावला, कारण आमच्याकडे कुंडीतली तुळससुद्धा धड जगत नाही.

आमच्या इमारतीमागे गावठाण आहे. तिथे माझी शाळेपासूनची मैत्रीण राहते, जुन्या ख्रिस्ती घरातली. तिच्या घरामागे वाडी आहे आणि मुलं नोकरीला लागल्यापासून ती अर्धी ओसाड. तिने एक तुकडा लगेच दिला. "पण पाणी मागायचं नाही हां! विहीर खारट झालीय, नळ तासभर येतो. पावसाचं धर, ते सगळं तुझं." वर दोन जुनी निळी प्लास्टिकची पिंपंही दिली. तिचा भाऊ मढला बोट चालवतो, त्याच्याकडची. "सुका जवळा भरायचा त्यात. नीट धुऊन घे गं, आणि दोन-चार दिवस उन्हात पालथी ठेव."

धुतली मी, अगदी साबण लावून. पण उन्हात ठेवायचं राहिलं. जूनचा दुसरा आठवडा होता, ऊन आणू कुठून? तळाला त्या सुकटीचा पांढरट चुरा चिकटलेला दिसत होता. म्हटलं, जाईल वाहून. विटांवर पिंपं चढवली, खाली तोट्या बसवल्या, तिच्या पत्र्याच्या पडवीची पन्हळ वरून सोडली आणि मच्छर होऊ नयेत म्हणून तोंडाला माझी जुनी सुती साडी घट्ट बांधली. एका रात्रीत दोन्ही पिंपं गच्च भरली. मी तर फोटो काढून अख्ख्या इमारतीला पाठवले.

सासूबाई काठी टेकत यायच्या आणि स्टुलावर बसून बी टाकायच्या. माठ, भेंडी, काकडी, मका, कडेला अळू. हात चालायचे आणि तोंडही. "ह्या काय परडा? ह्यो तुमचो तुकडो," असं रोज एकदा तरी म्हणायच्या. पण यायच्या.

श्रावणात पावसाने दडी मारली. चार दिवस, आठ दिवस, पंधरा. माठाने माना टाकल्या. म्हटलं, घाबरायचं काय, पिंपं आहेत ना! तोटी सोडली आणि अरे देवा, काय तो वास! दीड महिना जवळा मस्तपैकी मुरला होता. वाडीतली सगळी मांजरं माझ्याभोवती गोळा झाली. सासूबाई स्टुलावर ताठ बसल्या. त्या कडक श्रावण पाळणाऱ्या.

"जवळो खंय भाजतत?"

"गावठाणात कुणीतरी भाजत असेल."

"श्रावणात?"

"त्यांना कुठला आलाय श्रावण!" मी म्हणाले आणि भराभर डबे भरू लागले. दुसरं पाणी होतं कुठे? पाणी घातलं नसतं तर भाजी गेली असती. घातलं तर ऋषींच्या भाजीला जवळ्याचं पाणी. मी घातलं. रोज संध्याकाळी, त्या यायच्या आधी. आणि मेला तो माठ असा काही तरारला की मैत्रीण कुंपणावरून ओरडली, "काय गं, जादू केलीस काय?" मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

पंचमीच्या सकाळी सासूबाईंनी स्वतः भाजी खुडली, स्वतः चिरली. कांदा नाही, लसूण नाही. घरभर साधा, गोड वास सुटला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा त्या गुणगुणत होत्या. ताट घेतलं, पहिला घास उचलला आणि थांबल्या.

"माठ इतको कसो वाढलो गो? खत काय घातलंस?"

गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण उपाशी म्हातारी, हातात घास, आणि मी तिला फसवतेय! मला राहवेना. पिंपं, चुरा, मांजरं, सगळं भडाभडा सांगून टाकलं. घास हातातच राहिला. मला वाटलं, आता ताट सरकवणार, इतक्या वर्षांचा नेम माझ्यामुळे मोडणार.

"ह्या भाजयेक बैल लागलो काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"ट्रॅक्टर?"

"नाही हो."

"मगे? बैलाचा खावचा नाय, इतक्याच आसा. जवळ्याचा खंय काय सांगललां आसा?" आणि घास तोंडात! वर म्हणाल्या, "आमी गावाक माडांका काय घालतो मगे? सुकी मासळीच. माका पयल्याच दिवशी वास इललो. तू कदी सांगतंस तां बघी होतंय."

मी अशी चिडले! आणि मग इतकी हसले की ठसका लागला. त्या आपल्या शांतपणे जेवत होत्या. दोनदा भाजी वाढून घेतली, एक वाटी मैत्रिणीकडे पाठवली.

दुपारी गावाहून माझ्या जावेचा फोन आला. आई, या वर्षी भाजीचं काय केलंत, तिने विचारलं. मी हात पुसत दाराशी उभी होते.

"काय म्हंजे?" सासूबाई म्हणाल्या. "केलंय ना. माझ्या परड्यातली."