उसातली वाट

आमच्या घराला चार खोल्या आहेत, चारींना भिंती आहेत आणि एकीलाही छत नाही. भिंतींच्या वर गंजलेल्या सळया उभ्या आहेत. डांबरी रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटत असेल, कुणीतरी घर बांधता बांधता कंटाळून उठून गेलं. आम्ही कुठंही गेलेलो नाही. त्या भिंतींच्या शेजारी पत्र्याचं शेड आहे, त्यात राहतो. हे लिहितेय तेही त्याच शेडात, शिलाई मशीनच्या फळीवर कागद ठेवून.

आधी आम्ही मंगळवार पेठेत राहायचो, भाड्याच्या दोन खोल्यांत. मालकानं इमारत पाडायला काढली आणि आम्हाला जागा बघा म्हणून सांगितलं. आमचे हे महिनाभर खोल्या शोधत फिरले. एक दिवस जेवताना सासरे म्हणाले, "खोल्या कशाला हुडकतोस? रान हाय की आपलं."

सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांचं रान कोडोलीच्या बाजूला, भावकीच्या वाटणीत आलेला लहानसा तुकडा. तरुणपणी ते तिथनं उठून कोल्हापूरला आले आणि जन्मभर फौंड्रीत भट्टीपुढं उभे राहिले. रान चुलतभाऊ करायचा. सासूबाई गेल्यावर तर मामा रानाचं नावही काढत नव्हते. म्हणून मला आधी चेष्टाच वाटली.

"मामा, तिथं दळण कुठं टाकायचं?" मी विचारलं.

"तू चल तर. गिरण काय पळून जात न्हाय."

संक्रांतीनंतर आम्ही रान बघायला गेलो. आमच्या आणि डांबरीच्या मधे एका शेजाऱ्याचं शेत आहे. त्याचा ऊस नुकताच गेला होता. सगळं मोकळं, आणि मधून ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेली रुंद वाट. रिक्षा डांबरीवरून वळली ती थेट आमच्या बांधापाशी येऊन थांबली. "रस्ता एक नंबर हाय," हे म्हणाले. मीही मान हलवली. मामा खाली उतरून ढेकूळ हातात घेऊन चुरत बसले होते.

पेठेत वाढलेल्या माणसाला दारापुढं रस्ता असतो एवढंच माहीत. तो कुणाचा, कुणी दिला, असले प्रश्न आम्हाला जन्मात पडले नव्हते. रानात तसं नसतं. पुढच्याच्या शेतातनं गाडी न्यायची तर ऊस गेल्यावर त्याच्याकडं जायचं, चहा प्यायचा, विचारायचं. तो म्हणतो, न्या. मग तो लावण करतो आणि वाट बंद. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं, पुन्हा विचारायचं. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. मामांना माहीत असणार, पण इतक्या वर्षांत भट्टीच्या धगीनं त्यांच्या डोक्यातनं ते उडून गेलं होतं.

पत्र्याचं शेड मारून आम्ही रानात राहायला आलो. पाया भरायच्या दिवशी आम्ही त्या शेजाऱ्याला बोलावलं. माणूस पन्नाशीचा, उंच, आवाज असा की बांधावरून बोलला तरी शेडात ऐकू यावा. नारळ आम्ही त्याच्याच हातनं फोडून घेतला. त्यानं मसालेभात दोनदा घेतला, जिलेबी घेतली, आणि जाताना मामांना म्हणाला, "बरं झालं, पावणं. रान बघायला आलासा."

मामांचा चेहरा उतरला. तो गेल्यावर म्हणाले, "ह्याच्या बापाबरोबर मी हिरीत पोहायला शिकलोय. आणि ह्यो मला पावणं म्हणतोय."

सिमेंट आलं, विटा आल्या, सळया आल्या. सगळं त्याच वाटेनं. पाडव्याच्या आधी भिंती उभ्या राहिल्या. आता स्लॅब टाकला की झालं, पावसाच्या आधी आत जायचं, असं आमचं चाललं होतं. तेवढ्यात एका सकाळी खडी घेऊन निघालेल्या डंपरवाल्याचा फोन आला. "रस्ता कुठाय वो?"

आम्ही बाहेर येऊन बघतो तर डांबरीपासून आमच्या बांधापर्यंत सगळं शेत नांगरलेलं. ट्रॅक्टर अजून शेतातच होता. हे तसेच बनियनवर धावत गेले.

"रस्ता का नांगरला?"

"कुठला रस्ता?"

"हा, हितला. सगळ्यांचा रस्ता."

"सगळ्यांचा कसा हुईल? माझं रान हाय त्ये. ऊस न्यायला ट्रॅक्टरला चार दिस सोडलंतं. तुमी इचारलासा का मला, पावणं?"

त्या क्षणी हात जोडून "चुकलं, आता विचारतो" म्हटलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण आमचे हे म्हणाले, "मग मी कचेरीत जातो." झालं. शेजाऱ्यानं मान हलवली, ट्रॅक्टरवाल्याला हात केला, आणि पंधरवड्यात त्या शेतात उसाची लावण झाली. बाजूनं एक बांध राहिला, माणूस एका मागं एक चालेल एवढा.

तहसील कचेरीत कुणी आम्हाला नाही म्हटलं नाही आणि कुणी काही केलंही नाही. मग मी शेजाऱ्याच्या बायकोकडं गेले, तिचे ब्लाऊज फुकट शिवून दिले. ती चांगली होती. "मालकांस्नी इचारा," एवढंच म्हणाली. शेवटी मामा स्वतः काठी टेकत बांधावरून गेले. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाला?

"ऊस निघू दे, मग बगू म्हणाला." आणि वर मलाच समजावलं, "त्याचं बी बरोबर हाय. लावलेला ऊस कोण काढंल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपण इथं पत्र्याखाली भाजून निघतोय आणि हे त्याची बाजू घेतायत! दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

स्लॅब बांधावरून घमेल्यानं टाकता येत नाही. तो एका दिवसात, एका दमात टाकावा लागतो. मिक्सर यावा लागतो, सेंट्रिंगच्या प्लेटा याव्या लागतात, खडीचे ढीग यावे लागतात. गवंडी आठवडाभर वाट बघून गेला. जाताना म्हणाला, "रस्ता झाला की फोन करा." डांबरीच्या कडेला रचलेली सिमेंटची पोती पावसाळ्यात दगड झाली. पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की आम्ही एकमेकांशी ओरडून बोलायचो, आणि पुढंपुढं बोलायचंच सोडून दिलं. आमची लेक चपला हातात घेऊन चिखलातनं कॉलेजला जायची. हे कामावरून यायचे, जेवायचे, पडून राहायचे. मला रोज वाटायचं, सगळं टाकून पेठेत परत जावं. पण परत जायला आता तिथं आमच्या खोल्याच नव्हत्या.

ऊस मात्र वाढत होता. आधी गुडघ्याएवढा, मग कमरेएवढा, दसऱ्याला डोक्यावर गेला. डांबरी दिसेनाशी झाली, नुसत्या गाड्या ऐकू यायच्या. एका दुपारी मी शेडाच्या मागं जाऊन त्या उसाकडं तोंड करून तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या. घसा बसला. ऊस आपला सळसळत होता.

मामा रोज सकाळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन बिनछताच्या खोलीत जाऊन बसायचे. ती खोली त्यांची. बाज कुठं ठेवायची ते त्यांनी काठीनं जमिनीवर आखून ठेवलं होतं. खिडकी उगवतीला. चहा द्यायला गेले की विचारायचे, "स्लॅब कवा?"

"ऊस निघाला की, मामा."

दिवाळीपर्यंत त्यांच्या पायांवर सूज आली, बोलताना दम लागायला लागला. गोळ्या चालू होत्या. एकदा चहाचा कप परत देताना म्हणाले, "स्लॅबखाली एक रात झोपू दे मला. मग काय बी हू दे." मी म्हटलं, असलं बोलू नका. आणि मनात म्हटलं, देवा, एवढं एकच होऊ दे. दुसरं काही मागत नाही.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. हे कामावर, लेक कॉलेजात. मी चहा घेऊन गेले तर मामा खुर्चीत एका अंगाला कलले होते. तोंड वाकडं झालं होतं, एक हात लोंबत होता. मी ओरडले, फोन केला. अँब्युलन्स लवकर आली, पण येऊन येऊन कुठं, तर डांबरीवर. दोघंजण स्ट्रेचर घेऊन बांधावरून आले. मामांना त्यावर घेतलं आणि निघालो. आदल्या रात्री उसाला पाणी पाजलेलं, बांध निसरडा. दोघांना स्ट्रेचर धरून त्या बांधावर चालताच येईना. उसाची पाती तोंडावर येत होती. थोडं गेलो आणि पुढच्याचा पाय घसरला, स्ट्रेचर तिरकं झालं. मी मामांना अंगावर झेललं म्हणून ते खाली पडले नाहीत. "असं न्हाय जमायचं," तो माणूस म्हणाला. मी तिथंच चिखलात बसले आणि गळा काढला.

शेजारी कुठंतरी वैरण कापत होता. कोयता हातात घेऊनच आला. त्यानं स्ट्रेचरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि उसात शिरला. सपासप आवाज यायला लागला. सरीच्या दोन्ही अंगाचा ऊस तो तोडत होता आणि पायानं बाजूला ढकलत होता. त्याची बायको धावत आली आणि पडलेला ऊस ओढायला लागली. आम्ही स्ट्रेचर घेऊन त्याच्या मागं मागं.

तेव्हा मामांनी डोळे उघडले. वर आडवा होणारा ऊस त्यांना दिसला असणार. वाकड्या तोंडानं, अडखळत, पण मला स्पष्ट कळेल असं म्हणाले, "आरं... कवळा हाय त्यो. तोडू नगो."

शेजाऱ्यानं मागं वळून बघितलं नाही. कोयता चालूच होता. "तात्या, गप पडा तुमी," तो म्हणाला. पावणं म्हणाला नाही.

त्यानंतर मामा काही बोलले नाहीत. दवाखान्यात चार-पाच दिवस होते, डोळे उघडायचे, ओळखायचे की नाही कळत नव्हतं. मी उशाशी बसून सांगायचे, मामा, रस्ता झाला बघा, आता स्लॅब टाकायचा. आणि खरोखरच झाला होता. हे कपडे आणायला घरी गेले तेव्हा शेजारी आणि त्याची बायको तीच वाट दोन्ही बाजूंनी तोडून रुंद करत होते. "तात्या गाडीतनंच घरला आलं पायजेत," तो यांना म्हणाला.

मामा गाडीतनंच घरी आले. शववाहिका डांबरीवरून वळली, उसाच्या मधून थेट दारापर्यंत आली, कुठं अडली नाही. आम्ही त्यांना त्यांच्याच खोलीत ठेवलं, काठीनं आखलेल्या बाजेच्या जागी. वर आभाळ होतं. मला इतका राग आला होता की रडूच येईना. उसाचा, शेजाऱ्याचा, यांचा, आणि खरं सांगायचं तर मामांचाही. तुम्ही तरी सांगायला हवं होतं, तुम्हाला तरी आठवायला हवं होतं की वाट विचारायची असते.

दिवसकार्य झाल्यावर एका सकाळी शेजारी शेडाच्या दारात येऊन उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

"वैनी, त्येवढी पट्टी आता मी नांगरत न्हाय. पर खाली बुडकं हायत, फुटवं यायला लागल्यात. महिन्याभरात परत ऊस हुईल. वाट ठेवायची तर त्ये उपटाय लागतील." त्यानं शेताकडं बघितलं. "माझ्या हातनं त्ये हुणार न्हाय. तुमी उपटा."

तो गेल्यावर मी कुदळ घेऊन बाहेर आले. तोडलेल्या उसाचे बुडखे ओळीनं दिसत होते आणि प्रत्येकाला बोटभर लांबीचे हिरवेगार कोंब आले होते. मी पहिल्याशी बसले. कुदळ उचलली आणि हात वरच राहिला. कवळा हाय त्यो. तोडू नगो. इतके महिने ज्या उसाला मी शिव्या घातल्या, त्याचा एक कोंब मला तोडवेना.

किती वेळ गेला माहीत नाही. मग "मामा, माफ करा" म्हटलं आणि कुदळ मारली. तेव्हा कुठं रडू आलं. रडत रडतच पुढच्या बुडख्याकडं सरकत गेले. दुपारी लेक कॉलेजातून आली, तिनं पिशवी बांधावर ठेवली आणि दुसऱ्या टोकाकडनं सुरुवात केली. ऊन कलताना आम्ही मधे एकमेकींना भेटलो.

हात धुऊन मी गवंड्याला फोन लावला.

"रस्ता झालाय," म्हटलं.

"व्हय? लई बेस झालं!" तो म्हणाला. "पर कसा काय दिला वो त्यानं?"

"तुम्ही मिक्सर घेऊन या," म्हटलं. मी फोन ठेवला.