भोपळ्यावरचा पहिला हात

ह्यांच्या छातीत एकदा दुखलं आणि डॉक्टरांनी आमच्या घरातलं तूप, बटाटा आणि तळण एका दमात बंद करून टाकलं. ताजी भाजी खा, आणि ती आणायला पायी जा, असं त्यांनी मलाही बजावलं, कारण माझंही वजन काही कमी नव्हतं. आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. तेव्हापासून मी रोज सकाळी शाळेच्या आधी बनारसच्या पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवरच्या सट्टीत जायला लागले. सट्टी म्हणजे भाजीबाजार, पण आमची ती दहा-बारा बायकांचीच. गंगेपलीकडच्या रेतीत त्या वेली लावत आणि पहाटे नावेतून दुधी, कारली, परवल, काकड्या घेऊन येत. भाजीला वाळू चिकटलेली असे. घरी येऊन धुतली की तसराळ्याच्या तळाशी गंगेचा थर बसे.

मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि त्याचा मला माज होता. दुसरा शब्द नाही त्याला. भाजीच्या टोपलीपुढे उकिडवं बसलं तरी मी वर्गातच असायची. ही काकडी कडू निघणार, हा दुधी कालचा, हे परवल पिकलं, असा निकाल मी बसल्या बसल्या लावायची आणि बायका मुकाट्याने ऐकायच्या. ऐकायच्या, कारण आमच्या भागातली पंधरा-वीस मराठी घरं माझ्या शब्दावर भाजी घेत. मी जिच्याकडे बसले तिची टोपली आठ वाजता रिकामी.

मी बसायची ती एका विधवेकडे. पन्नाशीची असेल, बोलायला कमी. तिचा एकुलता एक मुलगा नाव चालवायचा, नुकतं लग्न झालेलं. तिने मला अळूची पानं ओळखून आणायला शिकवलं नाही, मीच तिला शिकवलं. पण कोवळी भेंडी पोटाशी धरल्यासारखी बाजूला काढून ठेवायची ती माझ्यासाठीच. घरचं विचारायची. ह्यांची छाती कशी आहे, माझ्या मुलाचा अभ्यास कसा चाललाय. मी उत्तरं द्यायची, पण तिच्या घरचं मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, एवढं बोलते हेच पुष्कळ.

तिच्याकडे लाल भोपळा फोडींनी मिळे. त्याला तिकडे कोंहडा म्हणतात. अख्खा भोपळा बाईने चिरायचा नाही, भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा, पहिली सुरी पुरुषाची, हे तिकडे जसं आहे तसंच आमच्यातही आहे. माझ्या सासूबाई ह्यांच्याकडून सुरी टेकवून घेतल्याशिवाय भोपळ्याला हात लावू देत नसत. ह्यांना बँकेत जायला उशीर होत असला तरी दारातून परत बोलावत. मी त्यावर मनसोक्त हसायची. ह्या बाईचा भोपळा तिचा मुलगा नावेतच कापून द्यायचा. तो नसला तर आंघोळ करून वर येणाऱ्या कोणातरी गुरुजींना ती कोयता पुढे करायची, ते हसून एक घाव घालत आणि पुढे जात.

वैशाखातली ती सकाळ. मुलगा सासुरवाडीला गेला होता, भोपळा अख्खा. मला भरतासाठी फोड हवी होती आणि शाळेची घंटा व्हायला अर्धा तास उरला होता. घाटावरून कोणी पुरुष येईना. मी म्हटलं, "काटो न, देर हो रही है."

"हम नाहीं काटब, बहिनजी. पहिला हाथ मरद क चाही. तनी रुक जा."

मी थांबायला तयार नव्हते. शेजारच्या साऱ्या जणी बघत होत्या आणि माझ्यातली मास्तरीण जागी झाली. भोपळा हे फळ आहे, त्यात बिया असतात, मुलगा नसतो, असं मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. ती मान हलवत राहिली. एकच लेक आहे, म्हणाली. तेव्हा मी ते बोलले, जे बोलायचा मला काडीचा अधिकार नव्हता: "नहीं काटोगी तो कल से हमारी तरफ का कोई यहाँ नहीं बैठेगा."

तिने कोयता उचलला. पण तिला घाव घालवेना. मी वाकले, तिच्या हातावर माझा हात ठेवला आणि दाबला. भोपळा फुटला. "देखा? कुछ हुआ?" असं म्हणून मी हसले. ती हसली नाही. तिने फोड तोलून दिली आणि उरलेला अर्धा भोपळा पदराखाली झाकून ठेवला. त्या दिवशी मी वर्गात अंधश्रद्धेवर छान बोलले.

ज्येष्ठात तिच्या मुलाला कावीळ झाली. बनारसात उन्हाळ्यात कोणाला कावीळ होत नाही? आमच्याच गल्लीत तिघे पिवळे पडले होते. पण सट्टीत वेगळाच हिशेब लागला. बाईने स्वतःच्या हाताने कोंहडा कापला, लेकावर कोयता चालवला, अशा बाईच्या शेजारी बसायचं कसं, आपलीही लेकरं आहेत. कोण कुठे बसणार हे एक म्हातारा चौधरी ठरवत असे. त्याच्याकडे तक्रार गेली.

मी एका सकाळी गेले तर ती टोपली न उघडता बसली होती. मला बघून उठली आणि माझ्या दोन्ही हातांना धरलं. तिचं मागणं एवढंच होतं की काय झालं ते मी चौधरीला सांगावं. "बहिनजी, तूँ बोल देबू त सब मान जइहन." माझा शब्द सगळे मानतील हे तिचं म्हणणं खरंच होतं. तिची जागा त्या एका वाक्यावर होती, आणि मुलाचं औषधपाणी, घर सगळं त्या जागेवर.

चौधरी आला. बायका गोळा झाल्या. त्याने मला अदबीने विचारलं, "बहिनजी, हाथ केकर रहल?" हात कोणाचा होता?

माझ्या मुलाची इंजिनियरिंगच्या प्रवेशाची परीक्षा चार दिवसांवर होती. रात्ररात्र जागून तो बारीक झाला होता, आदल्या दिवशी त्याला उलटी झाली होती आणि मी दहा वेळा त्याचे डोळे खालची पापणी ओढून पाहिले होते. पांढरे होते. पांढरेच राहायला हवे होते. हात माझा होता असं एकदा तोंडातून गेलं की तो घाव माझ्या पोरावर येणार, असं मला त्या क्षणी वाटलं. वाटलं काय, खात्रीच झाली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

"इसीने काटा," मी म्हटलं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण थांबले नाही. "मैंने तो मना किया था." त्या सकाळी सगळं पाहिलेल्या बायकांपैकी एकीनेही मला खोटं पाडलं नाही; माझी पंधरा-वीस घरं सगळ्यांनाच हवी होती.

तिने माझे हात सोडले. भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. भांडली असती तर मला पुढे सोपं गेलं असतं. टोपली डोक्यावर घेऊन ती पायऱ्या उतरली. तिच्या जागेवर त्याच दिवशी दुसरी येऊन बसली, आणि तिने मला कोथिंबिरीची जुडी वर घातली. मी ती घेतली. दोन दिवस ती कोथिंबीर आम्ही भाजीवर, आमटीवर, कोशिंबिरीत घालून खाल्ली. ह्यांची तब्येत सुधारत होती.

माझा मुलगा पास झाला. तिकडे आषाढात पाणी चढलं, रेती बुडाली, सट्टी उठली.

श्रावणात एका दुपारी आमच्या गल्लीत भाजीची हाळी ऐकू आली. आवाज तिचा होता. जागा गेल्यावर ती डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरायला लागली होती. आमच्या दाराशी ती थांबली, कडी वाजवली. मी आत दाराला लागूनच उभी होते. ती काही विकायला थांबली नव्हती. दाराबाहेरूनच म्हणाली, "बहिनजी, बचवा ठीक हो गयल. नाव पर जाए लगल." मग माझ्या मुलाचं विचारलं, "तोहार बाबू पास भइलन न?"

तिचा मुलगा जगला हे ऐकून मला हायसं वाटलं, पण ते तिच्यासाठी नव्हतं. मी सुटले म्हणून वाटलं. आता दार उघडायला काही हरकत नव्हती. आता चौधरीकडे जाऊन खरं सांगितलं असतं तरी कोणाच्या लेकराचा केस वाकडा होणार नव्हता, आणि पाणी ओसरल्यावर तिला तिची जागा मिळाली असती. फक्त मी खोटं बोलले होते हे दहा बायकांपुढे मला कबूल करावं लागलं असतं.

मी श्वास रोखून उभी राहिले. तिने आणखी एकदा कडी वाजवली आणि पुढे गेली.

"कोण होतं गं?" ह्यांनी आतून विचारलं.

"कोणी नाही," मी म्हटलं.