फळ्यांखालचा खोकला

भूत, भानामती, अंगात येणं... यांतलं काहीच मी कधी मानलं नाही. एक तर माझा जन्म ओव्हरसियरकीत गेला. टेप लावायचा, लेव्हल बघायची, जे मापात बसेल ते खरं. दुसरं म्हणजे छप्पन साली आम्ही दीक्षा घेतली, आणि त्या दिवशी वडिलांनी घरातला देव्हारा आणि भुताखेतांच्या गप्पा दोन्ही बाहेर काढल्या. त्यामुळे हे लिहिताना मला जरा चोरट्यासारखं वाटतंय. पण वय झालं, आणि हे माझ्याबरोबर जावं असं वाटत नाही.

दीक्षेनंतरचा दुसरा पावसाळा. माझी धाकटी बहीण शारदा पुलगावजवळच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायची. तिचे यजमान नामदेवराव तिथे फिटर. क्वार्टर म्हणजे एका गोऱ्या इंजिनियरसाठी बांधलेला जुना बंगला, मधे भिंत घालून दोन कुटुंबांना दिलेला. आपल्याकडे सहसा नसते अशी एक गोष्ट त्यात होती — जमीन लाकडी फळ्यांची. दगडी खांबांवर फळ्या, आणि फळ्यांखाली दोन हातांची पोकळी. वारा खेळावा म्हणून चारी बाजूंनी झरोके. आत उतरायला स्वयंपाकघरात एक चौकोनी झडप.

पण खाली काळी माती! पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगायची आणि चार महिने घरात वाफ सोडत राहायची. फळ्यांना खालून पांढरी बुरशी, ट्रंकेतल्या कपड्यांना वास, भिंतींना घाम. त्या घरात आदल्या पावसाळ्यात शारदाचा पहिला मुलगा छातीने गेला होता. आता अकरा महिन्यांची सुजाता तशीच धापा टाकत होती. वर्ध्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "औषध मी देतो, पण मुलीला ओलीतून काढा."

काढायचं कुठे? नामदेवरावांच्या गावी दीक्षेनंतर आमच्या लोकांना विहीर बंद झाली होती. मी वर्ध्याला तिघांच्यात एका खोलीत. फॅक्टरीत दुसरं क्वार्टर रिकामं नव्हतं.

मी पोहोचलो तेव्हा शारदा पोरीला छातीशी उभी धरून बसली होती. आडवी केली की श्वास अडकायचा. दोन रात्री ती भिंतीला टेकून तशीच होती.

"दादा, हे बी गेली तं मी नाई राहात," ती म्हणाली. रडत नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली.

मी झडप उघडून खाली पाहिलं आणि ठरवलं, ही पोकळीच बंद करून टाकायची. खालच्या मातीचा घराशी संबंधच तोडायचा. एका सरकारी धान्याच्या गोदामात मी असं काम पाहिलं होतं.

"झरोके बुजवाचे?" नामदेवराव बघतच राहिले. "वारा बंद केला तं अजून सडन ना दादा!"

"पावसाळ्यात त्या झरोक्यांतून कोरडा वारा येत नाही, ओलच येते," मी म्हणालो. "खाली डांबराचं गोणपाट अंथरू, भिंतीवर वीतभर चढवू, सांधे डांबराने भरू, मग झरोके विटा-चुन्याने बंद. ओल खालच्या खालीच राहील."

तासाभरात ते गोणपाटांचा गठ्ठा घेऊन आले.

तीन दिवस मी त्या पोकळीत पोटावर सरपटत होतो. पहिल्या दिवशी साचलेलं पाणी उपसलं आणि मुरूम पसरला, दुसऱ्या दिवशी गोणपाट अंथरलं. आणि डोक्यावर, फळ्यांच्या पलीकडे, सतत तो शिट्टीसारखा श्वास. थांबला की माझा हात थांबायचा. पुन्हा सुरू झाला की कुंचा चालायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा हात. नामदेवराव बाहेरून गरम डांबर आणून झडपेतून द्यायचे आणि मग झरोके बुजवायला जायचे. मी दूरच्या कोपऱ्यापासून मागे सरकत सगळ्या गोणपाटावर डांबर फिरवत आणलं. अशा वेळी पाठ दाराकडे ठेवूनच काम करायचं असतं, हे मला कळत होतं. झडपेपाशी पोहोचलो. झालंच होतं काम.

तेवढ्यात दूरच्या कोपऱ्यातून खोकला ऐकू आला.

पोरीचा नव्हे, मोठ्या माणसाचा. आधी दोन कोरडे ठसके, मग एक लांबलचक, आणि शेवटी घसा खाकरून "हं".

आमची आई जिनात कापूस निवडायला जायची. रुईची कुसं छातीत बसून बसून तिला असा खोकला लागला होता. ती जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

वरून शारदाचा आवाज आला, "दादा... खाली कोन हाये?"

"कोणी नाही. मीच."

"तू नोको सांगू. मले ऐकू आलं."

पुन्हा खोकला. तसाच. मी बॅटरी घेतली आणि... का ते आजही सांगता येणार नाही... ताज्या डांबरावरून कोपरं-गुडघे टेकत त्या आवाजाकडे निघालो. झरोके बुजलेले, डांबराचा धूर कोंडलेला. डोळ्यांतून पाणी, डोकं हलकं. शेवटच्या खांबामागे एक मोठी फरशी होती. ती खांबाचा पाया समजून मी गोणपाट तिच्याशी आणून संपवलं होतं. तिच्यावर हात ठेवला तर ती ओलीचिंब, आणि एका बाजूने डुगडुगत होती. जोर लावून सरकवली. खाली पाणी! जुना, विसरलेला हौद, काठोकाठ भरलेला. तोंडावर उबट वाफ आली. सगळी ओल इथून येत होती. हे तसंच राहिलं असतं तर माझं गोणपाट काय कामाचं?

उलटं फिरायला गेलो, पण हातपाय आपले वाटेनात. बॅटरी सुटली. गाल डांबरात टेकला. आता संपलं, एवढं कळलं.

तेव्हा कानाशी, अगदी जवळ, आवाज आला. रागाचा नव्हता. थकलेला होता.

"मांगच्या साली काऊन नाई आला रे, पोरा?"

मागच्या साली शारदाने मला पोस्टकार्ड टाकलं होतं... मुलगा आजारी आहे, दादा येऊन जा, हे घर एकदा पाहून जा. मी रजा मिळत नाही म्हणून कळवलं. खरं तर रजा मी मागितलीच नव्हती. हे जगात कोणालाच माहीत नव्हतं.

पुढचं आठवतं ते झडपेखालचं. मी उताणा पडलो होतो आणि वरून नामदेवराव तोंडावर पाणी मारत होते. शारदाच्या किंकाळ्या ऐकून ते धावत आले होते. मला कोपऱ्यातून तुम्ही ओढून आणलं का, असं विचारलं तर म्हणाले, "मी आलो तवा तुमी इथंच होते." शारदाच्या हातात पोर होतं, ती खाली उतरलीच नव्हती.

शुद्धीवर आल्यावर मी बॅटरीने आत पाहिलं. ओल्या डांबरात सगळं उमटलं होतं. आत जाताना माझी कोपरं, माझे गुडघे. येताना फक्त माझ्या टाचांच्या दोन सरळ रेघा, कोपऱ्यापासून झडपेपर्यंत. पुढे मी टेप लावला, सतरा फूट. एखाद्याने काखेत हात घालून ओढत आणावं तशा. पण ओढणाऱ्याच्या हातापायाचा एकही ठसा नाही. दोन हात उंचीच्या जागेत माणूस डांबराला न शिवता कसा सरकेल?

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी बादल्या लावून हौद उपसला. आम्ही तो मुरूम-चुन्याने भरून वरून डांबर ओतलं. नंतरचे आठ दिवस वाईट गेले. सुजाता निळी पडायची, आणि शारदा तिला हलवून हलवून परत आणायची. नवव्या दिवशी सकाळी पोर आडवी झोपली, आणि शारदा तिच्याशेजारी फळ्यांवर हात पसरून झोपली. फळ्या कोरड्या होत्या.

सुजाता आता शाळेत शिकवते. ती म्हणते, "मामा, धुरानं भास झाला असन." होऊ शकतं, मी नाही म्हणत नाही. पण धूर माणसाला सतरा फूट ओढत नाही.

शारदाला मी ते वाक्य कधीच सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. इतकी वर्षं रक्षाबंधन, लग्नं, मरणं झाली... एक शब्द नाही. मागच्या हिवाळ्यात तिच्याकडे गेलो होतो. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. मान वर न करता ती म्हणाली,

"दादा, आई तुले जे बोलली ना... मांगच्या सालचं... ते मलेबी वर ऐकू आलं होतं."

मी हातातली शेंग खाली ठेवली. "मग इतके दिवस बोलली नाहीस?"

"तू आला होता ना," ती म्हणाली. "मंग काय बोलाचं?"

आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं.

धुराचा भास असेल, तर माझ्या कानाशी बोललेलं ते वाक्य फळ्यांच्या वर, धूर नव्हता तिथे, शारदाला कसं ऐकू आलं, हे मला अजून कळलेलं नाही. आईने विचारलं त्याचं उत्तरही मी अजून दिलेलं नाही.