जेठांचे आठ लोटे

डॉक्टरांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खड्डा तसाच राहिला. मग त्यांनी काचेच्या नळीत माझी लघवी दिव्यावर तापवली, तर ती दह्यासारखी पांढरी झाली.

"नेफ्रायटिस," ते म्हणाले. म्हणजे मूत्रपिंडांना सूज. पाणी बाहेर पडत नाही, अंगातच साठतं. "पाणी किती पिता?"

"सकाळी आठ लोटे."

"कुणी सांगितलं?"

सांगणार कोण? माझे जेठ, म्हणजे थोरले दीर, दादासाहेब! नागपूर-वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं नि आम्ही बुऱ्हाणपूरवाले मध्य प्रदेशातच राहिलो, त्या वर्षी दादासाहेब कचेरीतून रिटायर झाले. उद्योग नाही म्हणून पाण्याचे वैद्य बनले. सर्दीला पाणी, मूळव्याधीला पाणी. तेही गावाबाहेरच्या कुंडी भंडाऱ्याच्या जुन्या भुयारी विहिरींचंच, अशी दवाई म्हणे दुनियेत नाही. एवढी भक्ती तर स्वतः जावं ना! पण सायकलला कळशी बांधून जायचे आमचे हे.

माझा चेहरा सुजला तेव्हा दादासाहेब यांना म्हणाले, "घाण वर येतेय. तिचं पाणी वाढव." पाय सुजले, आणखी वाढव. वर अर्धा तास गार पाण्याच्या टपात बसव. आमच्या राजपुरा मोहल्ल्यातल्या घरात सून जेठांशी बोलत नसे. डोक्यावर पदर घेऊन मी मुकाट लोटे रिचवले. बावळटच मी. धाप लागून आडवं होता येईना, तेव्हा कुठे यांना टांगा सुचला.

दवाखान्यात सव्वा महिना काढला. मीठ बंद, पाणी दिवसाला दोन पेले, मोजून. ओठ फुटले. आणि दादासाहेब भेटायला आले ते तांब्या घेऊन! नर्सबाईंनी त्यांना दारातूनच पिटाळलं. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. डॉक्टर म्हणाले, "आणखी चार दिवस उशीर झाला असता तर काही हाती राहिलं नसतं."

घरी आले, तर गल्लीभर दादासाहेबांचाच डंका. म्हणे, आधी पाण्यानं धुऊन काढली म्हणून वाचली!

ते ऐकूनच शेजारची कमल सात वर्षांच्या लेकीला घेऊन ओट्यावर आली. पोरीचे डोळे सुजून बारीक झालेले. दादासाहेब लोटा भरून तयारच. मी खाली बसले, पोरीच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा राहिला.

तुमच्याही घरी असा कुणी वैद्य असेल, तर बायांनो, मी केलं ते आधीच करा. मी त्यांच्या हातातला लोटा ओढून घेतला. चौदा वर्षांच्या संसारात जेठांशी बोललेलं माझं ते पहिलं वाक्य.

"सरका, दादासाहेब. हिला दवाखान्यात न्यायचंय."

पोर बरी झाली. दादासाहेब तेव्हापासून माझ्या पाण्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. एवढा आराम मला दवाखान्यातसुद्धा पडला नव्हता.