छत कशाचं हाय?

लातुरात क्लाससाठी येऊन राहणाऱ्या मुलांची झोप, जेवण आणि तब्येत यांचा आम्ही अभ्यास केला. अहवाल कपाटात गेला. किस्से मात्र चहाला बसलो की अजून निघतात. आम्ही म्हणजे मी, नसीम आपा आणि पुण्याचे सर.

सरांचा नियम कडक. मुलाशी तो एकटा असतानाच बोलायचं! सुट्टीत घरी आलेल्या अहमदपूरच्या एका मुलाकडे त्यांनी आईला विनंती करून बाहेर पाठवलं. ती बिचारी लगेच गेली आणि सासूबाईंना नि शेजारणीला आत बसवून गेली. पोराजवळ कुणीतरी पाहिजे ना! मग सर विचारत राहिले, त्या दोघी सांगत राहिल्या आणि पोरगं निवांत पोहे खात बसलं.

दुसरी एक माउली मुलासाठी खोली घेऊन लातुरातच राहिली होती. मुलगा किती झोपतो, असं सरांनी विचारलं.

"ते क्लासातल्या मास्तरांना विचारा," ती म्हणाली, "तिथंच झोपतो."

नसीम आपांच्या घरी भाड्याच्या खोल्या होत्या. त्र्याण्णवच्या भूकंपात जड छताखाली ज्यांची माणसं गेली, ते पालक आले की आधी जेवणाचं विचारायचे नाहीत. "छत कशाचं हाय?" एकदा आपा घरात नव्हत्या, तेव्हा सरांनी मोठ्या उत्साहानं सांगितलं, "पक्का स्लॅब आहे, काळजीच नको." पाहुणे चपला घालून चालते झाले!

औशाकडच्या मारुतीमामांचे आईवडील भूकंपात घराखाली गेले. तेव्हापासून मामा पत्र्याखालीच झोपत. त्यांची सुनीता डॉक्टर व्हायचं म्हणून आपांकडे राहिली, तीही मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. उन्हाळ्यात पत्रा तापला, तिची झोप उडाली, क्लासात चक्कर आली. आपांनी तिला आतल्या स्लॅबच्या खोलीत घ्यायचं ठरवलं, तर मामा म्हणाले, शिक्षण सुटलं तरी चालेल, घरी नेतो. माझा जीव पोरीसाठी तुटत होता. सरांनी कॉलम, सळया, सिमेंट असं सगळं समजावलं. मामांनी ऐकून घेतलं आणि बोलून दमलेल्या सरांना पाणी दिलं.

पुढच्या आठवड्यात मामा वळकटी घेऊन आले. सुनीता आज शेडमध्येच राहील, आत मी झोपतो, म्हणाले.

सकाळी त्यांचे डोळे लाल होते. आपांनी चहा देत विचारलं, "भाऊ, झोप लागली का?"

"न्हाई. रातभर वर बघत होतो," मामा म्हणाले. "जाग्यावरच हाय. आता पोरीला आत झोपू द्या."