ओढ की सोड

आक्का माझ्याशी शेवटचं जे बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही. एकच शब्द होता. तो स्पष्ट ऐकू आला असता, तर गेला दीड महिना मी स्वतःशी जो भांडत बसलोय तो बसलो नसतो. रविवार होता, म्हणून मी नुकताच कासुर्डीला तिच्या घरी पोचलो होतो. सकाळी चहा पिताना तिच्या हातून कप निसटला होता आणि तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं. ओसरीवर खाट टाकलेली, दारात अॅम्ब्युलन्स इंजिन चालू ठेवून उभी, आणि गावातले डॉक्टर मला सांगत होते, "पुण्याला नेलं तर एक चान्स आहे. पण हार्ट फार वीक झालंय, मी शब्द देत नाही. काय ते पटकन ठरवा." दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, खाटेच्या पायथ्याशी बसून नुसते माझ्याकडे बघत होते. "तुम्हीच ठरवा बाळासाहेब," एवढंच म्हणाले. मी आक्काचा हात हातात घेतला, कानाशी वाकलो आणि विचारलं, "आक्का, पुण्याला न्यायचं का?" तिनं सगळा जोर लावला. जीभ जड झालेली... घशातून आवाज आला, "ओड."

आमच्याकडं 'ओढ' हा शब्द असाच म्हणतात, 'ओड'. आणि 'सोड' म्हणताना 'स' जिभेवरून निसटला तर उरतं तेही 'ओड'च. मी 'ओढ' असं ऐकलं आणि म्हणालो, "उचला खाट." टोलनाक्याच्या रांगेत गाडी हळू झाली तेव्हा पहिल्यांदा मला शंका आली. ती 'सोड' तर म्हणाली नसेल? खुब्याच्या ऑपरेशननंतर तिनं मला दहा वेळा बजावलं होतं, "बाळू, पुन्यांदा मला त्या दवाखान्याच्या खाटेला बांधू नका. काय व्हायचं ते माज्या घरात व्हऊ दे." आणि मी तिला त्याच खाटेकडं घेऊन चाललो होतो. नऊ दिवस ती नळ्यांमध्ये पडून राहिली. एकदाही डोळे उघडून तिनं मला हो-नाही सांगितलं नाही, आणि नवव्या दिवशी गेली.

मी माणूस भित्रा. रांजणगावच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर आहे, राहतो कारेगावात. कुठं काय पडेल, कोण कशात अडकेल, हे आधी ओळखायचं आणि लोकांच्या मागं भुणभुण लावायची, याचाच मला पगार मिळतो. ती सवय घरीही जात नाही. बायको म्हणते, तुम्ही जेवायला बसतानासुद्धा बाहेर पडायचं दार कुठं आहे ते बघता. आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी आणि बरोबर उलट्या स्वभावाची. केंदूरला आमच्या मळ्यातल्या विहिरीत मी पोहायला शिकलो तेव्हा पाठीला पत्र्याचा डबा बांधलेला असायचा, आणि कमरेच्या दोरीचं दुसरं टोक काठावर आक्काच्या हातात. ती स्वतः कधी पाण्यात उतरली नाही, कारण पोरींनी उतरायचं नसतं असं आमच्या घरात ठरलेलं होतं. तिनं त्याबद्दल तक्रार केल्याचं मला आठवत नाही. मला मात्र ती बिनदिक्कत ढकलून द्यायची.

साडेतीन वर्षांपूर्वी गोठ्यात शेणावरून पाय घसरला आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण त्यानंतर जे तीन महिने ती अंथरुणाला खिळली त्यानं तिला पार पिळून काढलं. पिंढऱ्या वाळल्या. भाकरीचं पीठ मळताना धाप लागायची. मी दर रविवारी चौफुल्यावरून कासुर्डीला जायचो आणि बजावून यायचो, उठू नकोस, जिना चढू नकोस, न्हाणीत एकटी जाऊ नकोस. एक दिवस ती म्हणाली, "तुझं ऐकत बसले तर मी हितंच सडून जाईन. तुला मी नीट व्हायला पायजे का नुसती शाबूत ऱ्हायला पायजे?" मला राग आला. आजही कबूल करतो, त्या वेळी मला ती शाबूतच हवी होती.

दौंडला एका व्यायामवाल्या डॉक्टरीणबाईंकडं आम्ही तिला न्यायला लागलो. त्या पोरीनं आक्काला बरोबर ओळखलं. ती म्हणाली, आजी, व्यायाम म्हणून करू नका, कुठंतरी जायचंय म्हणून करा. झालं! परत येताना आक्का म्हणाली, चल स्टेशनवर, मला पूल चढायचाय. वॉकर माझ्या हातात, तिची पिशवी माझ्या खांद्यावर, आणि ही बाई कठडा धरून एकेक पायरी मोजत वर चाललेली. मधेच ती थांबली, ओठ पांढरे पडले, मी खाली बसवायला गेलो तर माझा हात झटकला. वर पोचल्यावर दहा मिनिटं गाड्या बघत उभी राहिली. ही कुठं जाती, ती कुठं जाती, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारून घेतलं. तिसऱ्या महिन्यात ती तो पूल दोनदा चढून उतरायला लागली.

मग त्या डॉक्टरीणबाईंनी एवढंच म्हटलं की पाण्यात चालता आलं तर सांध्याला बरं. त्यांच्या डोळ्यांपुढं टाइल्सचा, कंबरभर पाण्याचा टँक असणार. आक्काच्या डोळ्यांपुढं घरामागची विहीर आली.

"मी पवायला शिकनार," तिनं जाहीर केलं.

"आक्का, साठी उलटली तुझी. खुब्यात लोखंड आहे."

"मग काय बुडंल का लोखंड? मानूस तरंगतं, लोखंड त्याच्या आत हाय."

मी म्हणालो, निदान कारखान्यातल्यासारखा पट्टा आणतो, अंगभर बांधायचा. तर म्हणे, "मी काय मोटार हाय का इहिरीत सोडायला?" शेवटी पाठीला प्लास्टिकचा मोठा कॅन, कमरेला नायलॉनची जाड दोरी, आणि टोक माझ्या हातात, या तहावर प्रकरण मिटलं. दाजींचा जुना शर्ट आणि लेकीची सलवार घालून आक्का आतल्या दगडी पायऱ्यांवरून दाजींचा हात धरून खाली उतरली. सकाळचे दहा वाजले होते, ऊन नुकतंच पाण्यापर्यंत पोचलं होतं. शेजारच्या बायका काठावर तोंडाला पदर लावून उभ्या. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा आक्कानं डोळे मिटले आणि पायरी सोडली... ती तरंगली. हात-पाय वेडेवाकडे मारत, नाकातोंडातून पाणी उडवत, हसत तरंगली.

पाचव्या की सहाव्या रविवारी ते घडलं. आक्काला समोरच्या भिंतीला हात लावून यायचं होतं. मी दोरी ताणून धरलेली, त्यामुळे हातभर अंतरावर ती अडकली. तिनं ओरडून सांगितलं, "सोड!" विहिरीत आवाज घुमतो. माझ्यापर्यंत आलं ते 'ओड'. मला वाटलं, बुडाली. मी सगळ्या अंगाचा जोर लावून ओढलं. कॅन पाठीवरून सरकून मानेकडं चढला आणि तिचं तोंड पाण्यात गेलं. वर आली की ती पुन्हा तेच ओरडायची, आणि ती जितकी ओरडेल तितका मी ओढायचो. पायऱ्यांवरून दाजी ओरडले, "आवो, सोडा! सोडा!" मला तेही 'ओढा' असंच ऐकू आलं. तळहाताची साल निघाली तरी मी ओढत होतो. शेवटी दाजींनी धोतरासकट उडी मारली आणि तिचं डोकं वर धरलं. तिला पायरीवर आणल्यावर मला कळलं की माझी बहीण विहिरीमुळे बुडत नव्हती, माझ्यामुळे बुडत होती.

बराच वेळ ती खोकत राहिली. मग म्हणाली, "सोड म्हनत व्हते रं मी. मारतोस का काय मला?"

पुढच्या रविवारी मी गेलोच नाही. कामाचं निमित्त सांगितलं. आमच्या कारखान्यात जो अपघात होता होता राहतो त्याचीही नोंद करायची पद्धत आहे : काय झालं, कशामुळं झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. त्या आठवड्यात माझ्या डोक्यात तोच कागद फिरत होता. क्रेनवर काम करणाऱ्यांना मी वर्षानुवर्षं शिकवतो की दोन उलट्या सूचना कानाला सारख्या लागता कामा नयेत, आणि स्वतः काय केलं? शनिवारी आक्काचाच फोन आला. "उद्या येतोयस ना? का भ्यालास?" मी म्हणालो, भ्यालोय, पण येतो, एका अटीवर. 'सोड' हा शब्द आजपासून बंद. दोरी सैल हवी असली की 'ढील' म्हणायचं.

"आन् ओढायचं असलं तर?"

"ओढ म्हणजे ओढच. तो राहू दे."

"व्हय साहेब," ती म्हणाली.

आक्कानं हे भलतंच मनावर घेतलं. विहिरीत तर 'ढील'च, पण घरातही तिनं 'सोड' म्हणणं टाकून दिलं. दाजींना सांगायची, "म्हशीला ढील द्या, पानी पाजून आना." पाहुणे निघाले आणि लेक आग्रह करायला लागली की म्हणायची, "अगं, ढील दे त्यांना, गाडी चुकंल." आधी ते माझी चेष्टा म्हणून होतं. पुढं जिभेला वळणच पडलं. सगळं घर तसं बोलायला लागलं आणि मी गेलो की पोरंसोरंसुद्धा मला ढील मागायची.

उन्हाळा लागायच्या आधीच ती भिंतीला हात लावून परत आली. दोरी माझ्या हातात होती, पण सगळी पाण्यावर सैल पसरलेली. पुढं कॅन सुटला. दोरी मात्र मी शेवटपर्यंत सुटू दिली नाही, आणि तिनंही माझ्यासाठी म्हणून ती बांधून घेतली. पुढच्या थंडीत तिनं आम्हाला भिगवणकडं रोहित पक्षी बघायला नेलं. होडी जरा कलली की मी दोन्ही हातांनी फळी धरायचो. ही मात्र पाण्यात हात घालून नावाड्याला विचारत होती, हितं किती खोल हाय? तिच्या डोळ्यांत काय आहे ते ओळखून मी तिच्या पदराचं टोक मुठीत धरून बसलो होतो. लाल पंखांचा थवा उठला तेव्हा तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. म्हणाली, "गोठ्यात पडले ते बरंच झालं म्हनायचं." मी तिला रागावलो. असलं बोलायचं नसतं.

मागच्या रविवारी मी पुन्हा कासुर्डीला गेलो. जायचं धाडस होत नव्हतं, पण दाजी एकटे पडलेत. चहा झाल्यावर माझ्यानं राहवलं नाही. मी त्यांना सगळं सांगून टाकलं... की तिनं सोड म्हटलं असणार, मी पुन्हा चुकीचं ऐकलं, आणि त्या दिवशीसारखंच तिला ओढत नेलं. तिला घरातच डोळे मिटायचे होते, माझ्यामुळं ती त्या खाटेवर गेली. दाजींकडून शिव्या ऐकायची माझी तयारी होती.

"बाळासाहेब," ते म्हणाले, "ती सोड कशापायी म्हनंल? तुम्हीच बंद केला व्हता ना त्यो शब्द?"

"केला होता," मी म्हणालो.

"तीन वर्सं म्हशीला बी ढीलच म्हनत व्हती ती. तिला सुटायचं आसतं तर ढील म्हनली आसती. ती ओड म्हनली. म्या बी ऐकलं. तिला जायाचं नव्हतं हो."

इतके दिवस मला एवढंच हवं होतं, की मी बरोबर ऐकलं असं कुणीतरी सांगावं. ते मिळालं, आणि मी ओसरीवर लहान पोरासारखा रडलो. कारण ती सुटका मागत होती असं धरून चाललो होतो तोवर निदान ती थकली होती असं तरी म्हणता येत होतं. तिला अजून जगायचं होतं. कुठला तरी पूल चढायचा होता, कुठल्या तरी पाण्यात उतरायचं होतं. तिनं ओढ म्हटलं, मी ओढलं, सगळा जोर लावून ओढलं... आणि या खेपेला ती वर आली नाही.

निघताना मी विहिरीवर गेलो. मोटारीच्या खोलीत खिळ्याला ती दोरी तशीच टांगलेली आहे. माझ्या हाताकडचं टोक झिजून मऊ झालंय. दुसऱ्या टोकाला आक्काच्या कमरेचा वेढा आहे, तिच्याच मापाचा, आणि त्यावर मी मारलेली गाठ. दाजींना रेडकासाठी दावं हवं होतं, ते मी यवतहून नवीन आणून दिलं. ही गाठ कुणीही सोडायची नाही, असं घरात सगळ्यांना सांगून आलोय.