दोन बाटल्या

"काका, बाटली बघितली?" सकाळी पर्स खुंटीला अडकवायच्या आधी आमच्या डॉक्टरीणबाई हे विचारणार. म्हणजे आलेला तुकडा कुठल्या पाण्यात ठेवलाय, ते बघितलं का. चष्मा कपाळावर, नजर माझ्या हातांवर.

मला राग यायचा. शिक्षण चौथी, पण फरीदाबादच्या त्या लॅबमध्ये मेणात बसवलेल्या मांसाच्या तुकड्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढणारा माझ्यासारखा दुसरा नव्हता. असेल तर आणा समोर. बाई पुण्याच्या, मी साताऱ्याकडचा, म्हणून आमचं आपसात मराठी चालायचं. एकदा मी तोंडावर म्हणालो, "बाई, रोज विचारू नका. मी काय कालचा आहे का?"

"बरं, नाही विचारत," म्हणून हसल्या. आणि खरंच विचारलं नाही. बाईंचं हेच चुकायचं बघा, समोरच्याचं ऐकायच्या.

तेव्हा शेतं जाऊन नवे सेक्टर उठत होते, नव्या गाड्यांची शोरूम उघडत होती. त्या दिवसांत बल्लभगढकडची एक सून आली. पाचव्या महिन्यात रक्त थांबेना, म्हणून पोट मोकळं करावं लागलं. आत बाळ होतं, आणि त्याच्या शेजारी पाण्याच्या फोडांचा द्राक्षांसारखा घोस. सासू दारातूनच म्हणाली, "इसकी कोख ही खराब है. मायके छोड़ आएँगे."

बाईंनी मला कागदावर दोन गोल काढून दाखवले. "काका, मुलात निम्मा अंश आईचा, निम्मा बापाचा. कधी एखाद्या बीजात आईचा अंश नसतोच, बापाचाच दुप्पट होतो. तिथं मूल धरत नाही, घोस होतो. हे तसलं जुळं असेल, तर बाळाचं बीज वेगळं आणि चांगलं होतं. पण एकाच बीजात बापाचे दोन अंश शिरले असतील, तर बाळही बिघडलेलं. कसंही असो, पोरीचा दोष नाही. पण बाळ चांगलं होतं, हे सासूला लेखी हवंय. दिल्लीला तपासून घेऊ."

बाळाच्या वारेचा एक तुकडा, घोसाचा एक. दोन बाटल्या, गुलाबी पाण्यात, फ्रिजमध्ये.

सकाळी मी आधी पोचलो. बाटल्या उघडून वास घेतला. फॉर्मेलिनचा वासच नाही! म्हटलं, बाई विसरल्या, आता मांस नासणार. दोन्हीतलं पाणी ओतून दिलं, काठोकाठ फॉर्मेलिन भरलं. बाई आल्यावर ऐटीत सांगितलं, "तुमची चूक सावरली."

बाई खुर्चीत बसल्या. "काका, ते तुकडे जिवंत ठेवायचे होते. पेशी वाढवल्या तरच अंश मोजता येतात. फॉर्मेलिननं त्या मेल्या."

बस, एवढंच. ओरडल्या असत्या, तर मीही ओरडून घेतलं असतं!

मग मी असे काप काढले, की जन्मात काढले नव्हते. बाई दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून. घोसाशेजारची बाळाची वार त्यांना निरोगी दिसली. रिपोर्टात लिहिलं, बहुधा दोन वेगळी बीजं.

सासूनं तो मुलाकडून वाचून घेतला. "ये 'शायद' क्या होता है?"

"माताजी, पक्का बता सकते थे. लैब से गलती हो गई. आपकी बहू का कोई कसूर नहीं."

"गलती आपकी, और बहू हम रखें?"

मी तिथंच उभा होतो. मुलानं रिपोर्टाची घडी घालून खिशात टाकली. सुनेची पिशवी तिच्या बापानं उचलली आणि दोघं बसस्टँडकडं चालायला लागले.

दुसऱ्या सकाळी पर्स अडकवायच्या आधी बाई म्हणाल्या, "काका, बाटली बघितली?" आवाज तोच.

"बघितली, बाई."

मग रोज. किती वर्षं!

गेल्या थंडीत बाई पुण्याला वारल्या. लॅबच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. गल्लीत मी अजून छाती काढून सांगतो, माझ्या हातून एक तुकडा वाया गेला नाही. दोन गेले. लॅबची चूक, असं बाई म्हणाल्या होत्या. लॅबला हात नसतात. हात माझे होते.